एकशे अठ्ठावीस टी-शर्ट, एकोणनव्वद माणसं

सोसायटीच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ३९ टी-शर्ट उरले, तिथून हे प्रकरण सुरू झालं. भगवा रंग, छातीवर गणपती, पाठीवर ‘स्वयंसेवक’ आणि त्याखाली वर्ष. ते वर्ष छापलं नसतं तर पुढल्या गणपतीला हेच शर्ट बाहेर निघाले असते आणि कुणाच्या काही लक्षातही आलं नसतं.

आमची सोसायटी नेरुळची, सिडकोच्या जुन्या बांधकामातली. सात इमारती, तळमजला अधिक तीन, मजल्यावर चार घरं. एकूण ११२. गणपती दहा दिवसांचा आणि सगळं काम घरच्याच माणसांनी करायचं, ही आमच्याकडची जुनी पद्धत. मी तळमजल्यावरच्या एका खोलीत आठवी ते दहावीचे गणिताचे क्लास घेते. त्यामुळे सोसायटीत कुठल्याही आकड्याबद्दल शंका निघाली की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. हिशोब आणि गणित या वेगळ्या गोष्टी आहेत हे मी वीस वर्षं सांगतेय. असो.

झालं असं की गणपतीच्या महिनाभर आधी ऑफिसबाहेरच्या टेबलावर तीन कागद ठेवले गेले. एकावर ‘लेझीम’, दुसऱ्यावर ‘सजावट’, तिसऱ्यावर ‘पंगत’. ज्याला जे काम करायचं असेल त्याने त्या कागदावर नाव आणि घर नंबर लिहायचा. एका माणसाने एकच काम घ्यावं असं कुणी म्हटलं नव्हतं. उत्साही माणूस सगळीकडेच उत्साही असतो. लेझमीच्या कागदावर ४५ नावं भरली, सजावटीच्या ४०, पंगतीच्या ४३. सेक्रेटरी काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यांची बेरीज चुकायची नाही. १२८ झाले. तुर्भ्याच्या छपाईवाल्याला १२८ चा आकडा गेला, नगाला १८० रुपये, २३,०४० चं बिल आलं. वाटपाच्या संध्याकाळी माणशी एक शर्ट, समोर सही. ८९ सह्या झाल्या आणि रांग संपली. काका तासभर कपाट उघडं ठेवून बसले. उशिरा येतील, म्हणाले. येणार कोण?

इथवरची चूक कुणालाही कळण्यासारखी आहे. एकच माणूस दोन-तीन कागदांवर होता आणि प्रत्येक कागदावर तो नवा माणूस म्हणून मोजला गेला. पण खरी गंमत पुढे आहे, कारण पुढची चूक करणारा माणूस चूक सुधारायला निघाला होता.

चौथ्या इमारतीतला एक मुलगा आयटीत आहे, रोज ऐरोलीला जातो. तो म्हणाला, “काका, काही नावं दोन-दोन याद्यांत आहेत. ती वजा करायला हवीत.” हे अगदी बरोबर. त्याने तिन्ही याद्या एक्सेलमध्ये टाकल्या आणि दोन-दोन समोरासमोर ठेवून सारखी नावं काढली. लेझीम आणि सजावट यांत १६, सजावट आणि पंगत यांत १६, लेझीम आणि पंगत यांत १३. मिळून ४५. १२८ मधून ४५ गेले, राहिले ८३. विसर्जनानंतरच्या रविवारी स्वयंसेवकांसाठी श्रमपरिहाराचं जेवण असतं, फक्त काम करणाऱ्यांना. त्यासाठी ८३ पॅक थाळ्यांची ऑर्डर गेली.

कुणीतरी म्हणालं, अरे पण शर्टांवर सह्या तर ८९ आहेत. त्यावर तो सहज बोलून गेला, “मग सहा शर्ट कुणीतरी जास्तीचे उचलले असणार.”

हे वाक्य वाऱ्यावर गेलं नाही. सोसायटीत कुठलंच वाक्य वाऱ्यावर जात नाही.

रविवारी ८३ थाळ्या संपल्या तेव्हा सहा माणसं हात धुऊन उभी होती. ती आत्ताच मांडवातल्या सतरंज्या गुंडाळून, पताका उतरवून आली होती. त्यांना कोपऱ्यावरच्या गाडीवरून वडापाव आणून दिले. आता आमच्याकडे ही गोष्ट अशी सांगतात की उपाशी राहिलेले सहा म्हणजे नेमके तिन्ही याद्यांवर नाव असलेले सहा. ऐकायला छान वाटतं, पण तसं नव्हतं. मी एकेकाला विचारलं. सहापैकी चौघं तिन्ही यादीतले होते, दोघं नव्हते.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणजे गणपती आटोपले की लगेच ती येते. अजेंड्यावरचा शेवटचा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. सभा खरी तिथेच सुरू होते, हे सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. तिसऱ्या इमारतीतले आजोबा उठले.

“माणसं त्र्याऐंशी, शर्ट गेले एकोणनव्वद. सहा शर्ट कुणी नेले ते सांगा. आणि माणसं त्र्याऐंशीच असतील तर थाळ्या कमी कशा पडल्या तेही सांगा.”

आजोबांना स्वतःलाही कळलं नसेल, पण त्यांच्या दुसऱ्या प्रश्नात पहिल्याचं उत्तर होतं. जेवायला आलेल्या माणसांची खोटी सही करता येत नाही. पण सभेत असं शांतपणे कोण ऐकतं? सेक्रेटरी काकांचा चेहरा पडला. तेवढ्यात खजिनदार ताई कॅल्क्युलेटर घेऊन उभ्या राहिल्या. “मला तर एकाहत्तरच येतायत. पंचेचाळीस जण दोन कामं करतात, ते एकदा जास्त मोजले गेले, म्हणून पंचेचाळीस वजा. सहा जण तिन्ही करतात, ते दोनदा जास्त, म्हणून बारा वजा. एकशे अठ्ठावीस वजा सत्तावन्न.”

आता हॉलमध्ये तीन आकडे होते. ८९, ८३ आणि ७१. तिघांपैकी कुणाचीही बेरीज-वजाबाकी चुकलेली नव्हती.

“मॅडम, तुम्ही सांगा,” अध्यक्ष म्हणाले. मी म्हटलं, मला तिन्ही मूळ कागद द्या आणि आठ दिवस द्या.

घरी मी त्या कागदांच्या झेरॉक्स काढल्या आणि एक-एक ओळ कात्रीने कापली. १२८ चिठ्ठ्या. जेवणाच्या टेबलावर पसरल्या, पंखा बंद केला आणि पत्त्यांचा डाव लावतात तशी एकेका माणसाची गड्डी लावत गेले. सारखं नाव दिसलं की चिठ्ठीवर चिठ्ठी. शेवटी टेबलावर ८९ गड्ड्या झाल्या. ५६ ठिकाणी एकच चिठ्ठी, २७ ठिकाणी दोन, ६ ठिकाणी तीन. ताळाही लगेच पाहता येतो: ५६ एके ५६, २७ दुणे ५४, ६ त्रिक १८, एकूण १२८. म्हणजे सह्या ८९ आणि माणसंही ८९. प्रकरण मिटलं असं वाटलं.

मिटलं नव्हतं. गड्ड्या रबर बँडने बांधताना एका जोडीतल्या दोन चिठ्ठ्यांवर घर नंबर वेगळे दिसले. अक्षरही वेगळं. आमच्याकडे एकाच नाव-आडनावाचे दोन गृहस्थ आहेत, एक दुसऱ्या इमारतीत, एक पाचव्या. एकाने लेझमीला नाव दिलं होतं, दुसऱ्याने सजावटीला. मी दोघांना एक करून टाकलं होतं, एक्सेलनेही तेच केलं होतं. म्हणजे माणसं ९० झाली की काय? पुन्हा सगळं तपासलं, आता घर नंबर धरून. तेव्हा उलटी चूक सापडली. ज्याला अख्खी सोसायटी ‘बाळ्या’ म्हणते त्याने सजावटीच्या कागदावर ‘बाळ्या’ लिहिलं होतं आणि पंगतीच्या कागदावर आईने त्याचं पाळण्यातलं नाव. घर तेच, माणूस तोच, पण चिठ्ठ्या वेगळ्या पडलेल्या. दोघांचा एक झाला होता आणि एकाचे दोन. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन बसल्या होत्या आणि एकूण पुन्हा ८९ च. एकेरी ५६, दुहेरी २७, तिहेरी ६, हेही तसंच. हलले ते फक्त जोड्यांचे आकडे: लेझीम-सजावट १६ ऐवजी १५, सजावट-पंगत १६ ऐवजी १७.

मुलांच्या वह्यांत मी हे नेहमी पाहते, उत्तर बरोबर आणि मधल्या दोन पायऱ्या चुकलेल्या. बोर्डाच्या परीक्षेत असल्या पेपरला किती मार्क द्यायचे यावर शिक्षक तासन्‌तास वाद घालू शकतात. पण इथला मुद्दा पायऱ्यांचा नाही. संच या शब्दाची पहिली अट अशी की घटक नेमका कोण हे वाद न होता ठरलं पाहिजे आणि प्रत्येक घटक एकदाच मोजला गेला पाहिजे. माणूस म्हणजे त्याचं नाव नव्हे. आमच्यापुरता माणूस म्हणजे घर नंबर आणि नाव, दोन्ही मिळून. सूत्राच्या आधी हे ठरवायला लागतं, आणि पुस्तकातल्या उदाहरणात ते आधीच कुणीतरी ठरवून दिलेलं असतं म्हणून मुलांना त्याची सवय होत नाही.

आता ८३ कुठून आले ते पाहू. सूत्र बाजूला ठेवा, एकच माणूस धरा आणि तो किती वेळा मोजला गेला ते बघा. एकाच यादीत असलेला माणूस १२८ मध्ये एकदा आला आणि वजाबाकीत कुठेच आला नाही. ठीक. दोन याद्यांत असलेला १२८ मध्ये दोनदा आला, जोड्यांच्या ४५ मध्ये एकदा आला, म्हणून एकदा उरला. तोही ठीक. तिन्ही याद्यांत असलेला १२८ मध्ये तीनदा आला. आणि जोड्या किती? लेझीम-सजावट, सजावट-पंगत, लेझीम-पंगत. तिन्ही जोड्यांत तो आहेच. म्हणजे वजाही तीनदा झाला. तीन वजा तीन.

दहा दिवस तिन्ही कामं करणारी सहा माणसं त्या हिशोबात शून्य झाली होती. शर्टांच्या सह्यांत ती होती, म्हणून ते सहा शर्ट ‘उचललेले’ ठरले. थाळ्यांत ती नव्हती, म्हणून सहा थाळ्या कमी पडल्या. म्हणून जोड्या वजा केल्यावर तिन्हीतले एकदा परत मिळवावे लागतात: १२८ वजा ४५ अधिक ६, बरोबर ८९. मिळवा, वजा करा, पुन्हा मिळवा. शेवटचं मिळवणं मुलं जितक्या वेळा विसरतात तितकं दुसरं काही विसरत नसतील, आणि आमच्या इंजिनिअरसाहेबांनी तर ते आधी शिकलेलंही होतं.

खजिनदार ताईंचं ७१ मात्र वेगळ्या जातीचं. त्यांची पद्धत चुकीची नव्हतीच. दोन कामं करणारा एकदा जास्त, तीन करणारा दोनदा जास्त, हा विचार चोख आहे. चिठ्ठ्यांच्या गड्ड्यांवरून करायचा तर असाच करायचा: १२८ वजा २७ वजा १२, उत्तर ८९. त्यांनी २७ च्या जागी ४५ धरले, एवढंच. त्यांना वाटलं ४५ जण ‘दोन कामं’ करणारे. पण त्या ४५ मध्ये तिन्ही कामं करणारे सहा जण प्रत्येकी तीन वेळा बसलेले होते. २७ अधिक १८. तेवढे काढले तर दोनच कामं करणारे उरतात २७.

हे मला कळत होतं, पण सभेत सांगायचं कसं ते सुचत नव्हतं. ते एका मुलीने सुचवलं.

स्टेट बोर्डाच्या नववीच्या गणित भाग १ मध्ये पहिलंच प्रकरण संच. तिथे दोन वर्तुळांचं सूत्र येतं: दोन्हींच्या संयोग संचातले, म्हणजे निदान एकात तरी असलेले, घटक म्हणजे पहिल्यातले अधिक दुसऱ्यातले वजा छेद संचातले, म्हणजे दोन्हींत असलेले. नववीच्या बॅचला मी तेच शिकवत होते, म्हणून म्हटलं, चला, जरा पुढे जाऊ. फळ्यावर तीन वर्तुळं काढली, स्टीलची ताटली धरून. खडूने लिहिलं, लेझीम ४५, सजावट ४०, पंगत ४३. मग लिहिलं, “लेझीम आणि सजावट करणारे १५.” दुसऱ्या बाकावरची मुलगी हात वर करून म्हणाली, “मॅडम, लेझीम आणि सजावटच करणारे, की लेझीम आणि सजावटही करणारे?”

मी खडू खाली ठेवला. वीस वर्षांत मी हे इतकं नेमकं बोलले नव्हते.

मराठीत हे काम करायला एकेक अक्षर आहे. ‘च’ लावला की दार बंद: लेझीम आणि सजावटच, पंगत नाही. ते ९. ‘ही’ लावला की दार उघडं: लेझीमही करतात, सजावटही करतात, पंगतीचं आम्ही काही बोललो नाही, करत असतील किंवा नसतील. ते १५. दोन याद्या समोरासमोर ठेवून जो आकडा मिळतो तो नेहमी ‘ही’ वाला असतो, कारण तिसरी यादी तेव्हा मिटलेली असते. खजिनदार ताईंनी त्याला ‘च’ लावला. इतकीच त्यांची चूक.

परीक्षेचे पेपर काढणारे मात्र या दोन अक्षरांना भाव देत नाहीत. ‘केवळ’, ‘किमान एक’, ‘जास्तीत जास्त दोन’ असे शब्द येतात, आणि मुलं ‘किमान एक’ला ‘एकच’ समजतात. घरी आई “किमान एक पोळी तरी खा” म्हणते तेव्हा दोन खाल्ल्या म्हणून कधी रागावते का? तेव्हापासून मी मुलांना आकड्यांच्या आधी शब्दांखाली पेन्सिलने रेघा मारायला लावते. फक्त, च, ही, एकतरी, एकही. आणि ‘किंवा’. बोलताना आपण “चहा की कॉफी?” विचारतो तेव्हा दोन्ही मागणारा आगाऊ ठरतो. तिथे ‘की’ आहे, एक निवडायचंच आहे. गणितातला ‘किंवा’ तसा नाही. लेझीम किंवा सजावट करणारे म्हणजे दोन्ही करणारेसुद्धा आत. ज्याला हा ‘की’ आणि ‘किंवा’मधला फरक कळला त्याला संयोग संच शिकवायला पाच मिनिटं लागतात.

त्या दिवशी वर्तुळं आम्ही आतून बाहेर भरली. आधी अगदी मधे ६. मग पाकळ्या: १५ मधून ६ गेले ९, १७ मधून ६ गेले ११, १३ मधून ६ गेले ७. मग बाहेरचे भाग. लेझमीच्या वर्तुळात एकूण ४५, त्यातले ९, ७ आणि ६ आधीच बसलेत, म्हणून लेझीमच करणारे २३. तसेच सजावटच करणारे १४ आणि पंगतीतच वाढणारे १९. सात खोल्या, सातही भरल्या, बेरीज ८९. बाहेरून आत भरायला गेलात तर पहिल्याच पायरीला अडकता, कारण ४५ मधलं कोण कुठे आणखी बसलंय ते ठाऊक नसतं. ही वर्तुळं आज इंग्लिश तर्कशास्त्रज्ञ जॉन वेनच्या नावाने ओळखली जातात, १८८० मध्ये त्याने ती मांडली. पण तर्कासाठी वर्तुळं काढणं त्याच्या शंभर-एक वर्षं आधी गणितज्ञ ऑयलरने केलं होतं. वेनचा आग्रह असा की शक्य ती प्रत्येक खोली काढायचीच, मग ती रिकामी निघाली तरी चालेल. मला हा आग्रह मोलाचा वाटतो. आमच्या इंजिनिअरने मधली खोली काढलीच नव्हती.

एका मुलाने विचारलं, मधला सहाचा आकडा माहीतच नसता तर? चांगला प्रश्न, कारण सेक्रेटरी काकांना शर्ट मागवताना तोही माहीत नव्हता आणि जोड्याही माहीत नव्हत्या. नुसत्या ४५, ४०, ४३ वरून माणसं किती हे सांगताच येत नाही. सगळ्या याद्या एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या असतील तर १२८. सजावटीचे आणि पंगतीचे सगळेच्या सगळे लेझमीच्या यादीतही असतील तर फक्त ४५. मधलं काहीही शक्य. काकांनी १२८ मागवले म्हणजे त्यांनी नकळत असं गृहीत धरलं की आमच्याकडे कुणीच दोन कामं करत नाही. जोड्या कळल्या की पट्टा आवळतो. मधे कुणीच नसेल तर ८३. आणि मधे जास्तीत जास्त १३, कारण सगळ्यात लहान जोडी १३ ची, तिच्याबाहेरचा माणूस तिन्हीत असूच शकत नाही. म्हणजे ८३ ते ९६. त्या आयटीवाल्या मुलाची ८३ ही त्या पट्ट्यातली सगळ्यात खालची पायरी होती. थाळ्यांची ऑर्डर देताना पट्ट्याचं कुठलं टोक धरायचं हे गणित सांगत नाही. ते वाढप केलेली कुठलीही बाई सांगेल.

पुढल्या रविवारी ऑफिसात पांढऱ्या फळ्यावर मी हे सगळं मांडलं. चिठ्ठ्यांच्या गड्ड्याही घेऊन गेले होते, त्यांचा उपयोग फळ्यापेक्षा जास्त झाला. तीन-तीन चिठ्ठ्यांच्या सहा गड्ड्या आजोबांच्या हातात दिल्या. त्यांनी चष्मा वर करून नावं वाचली, एकेक मोठ्याने. सहावं नाव त्यांच्या नातीचं होतं. सहा शर्टांचा विषय तिथे संपला.

आजोबा मात्र हरणारे नव्हेत. “ठीक आहे, एकोणनव्वद. घरं एकशे बारा. म्हणजे तेवीस घरं नुसती आरतीला येतात, कामाला कुणी नाही. त्यांची नावं लावा बोर्डावर.”

मला इथे गप्प बसायला हवं होतं. पण खोडी जात नाही. मी म्हटलं, “आजोबा, तुम्ही घरांतून माणसं वजा केलीत.” विश्वसंच, म्हणजे ज्यातून वजा करतो तो अख्खा गट, एक असला पाहिजे ना. ११२ ही घरं, ८९ ही माणसं. एका घरातून तिघं-चौघंही आलेत. चिठ्ठ्यांवर घर नंबर होतेच, मोजले तर ती ८९ माणसं ५२ घरांतली निघाली. म्हणजे ज्या घरातून एकही माणूस आला नाही अशी घरं तेवीस नाहीत, साठ आहेत.

हॉलमध्ये एकदम शांतता. त्या साठांतले निम्मे समोरच बसले होते.

‘एकही नाही’ या प्रकाराला गणितात डी मॉर्गनचं नाव आहे. ऑगस्टस डी मॉर्गन, जन्म १८०६, तोही मदुराईत. त्याचा नियम मराठीत सांगितला तर नियम वाटतच नाही: जो लेझीम, सजावट किंवा पंगत यांपैकी कशातच नाही, तो लेझमीतही नाही, सजावटीतही नाही आणि पंगतीतही नाही. बाहेर ‘किंवा’ होता, नकार आत शिरला आणि त्याचा ‘आणि’ झाला. वर्तुळांच्या बाहेर उरलेली ती आठवी खोली. त्या रविवारी ती खोली जरा जास्तच भरलेली निघाली.

यंदा सेक्रेटरी काकांनी तीन कागद ठेवले नाहीत. मला विचारून एकच तक्ता केला. ओळीला एक माणूस, पहिला रकाना घर नंबराचा, दुसरा नावाचा, पुढे कामांचे रकाने आणि त्यांत बरोबरच्या खुणा. ज्याला तीन कामं करायचीत त्याने तीन खुणा कराव्यात, ओळ एकच. सूत्र, जोड्या, मधली खोली, कशाचीच गरज नाही. शेवटच्या ओळीचा नंबर म्हणजे माणसं. यंदा विसर्जनाचं काम वेगळं काढलंय, म्हणून कामांचे रकाने चार झाले. आयटीवाला मुलगा मला भेटून म्हणाला, “मॅडम, चार वर्तुळांची आकृती काढून देता का, नोटीस बोर्डाला लावू.” मी म्हटलं, वर्तुळांनी जमायचं नाही. चार वर्तुळं कशीही ठेवली तरी बाहेरची धरून जास्तीत जास्त १४ खोल्या होतात आणि आपल्याला लागतात १६. वेनने चौथ्यासाठी लंबवर्तुळं वापरली ती याचसाठी. तो संध्याकाळभर कागदावर वर्तुळं काढून पाहत होता म्हणे. बरं झालं.

तक्त्यात शेवटची ओळ ९७ आली. काकांनी फोन करून विचारलं, “सत्त्याण्णव ना नक्की? पुन्हा काही मिळवायचं-वजा करायचं नाही ना?” नाही म्हटलं. मग छपाईवाल्याला साइज कळवायची म्हणून त्यांनी शेवटचे तीन रकाने मोजले. मीडियम ३४, लार्ज ४१, एक्स्ट्रा लार्ज २३. एका माणसाची साइज एकच, इथे तरी एकमेकांत शिरण्याचा प्रश्न नाही, नुसती बेरीज चालेल, असं मीच त्यांना सांगितलं होतं. बेरीज आली ९८. तक्ता पुन्हा वरून खाली पाहिला. सहाव्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी लार्ज आणि एक्स्ट्रा लार्ज दोन्हीवर खूण करून शेजारी लिहिलं होतं, “जो बसेल तो द्या.”